बारी

न्याहळोदला माझे वडील पाटकरी होते.
झुलाल आप्पा. खांद्यावर फावडं, हातात कंदील,
पांझरेचं पाणी या फडातून त्या फडात,
कुणाची बारी कधी ते बोटांवर पाठ.
रात्री दोनला बांधावरून हाक यायची,
"आप्पा, पानी उनं का?"
आप्पा वाकून चारीत दोन बोटं बुडवत,
मग उत्तर देत.
नुसतं बघून कधीच नाही.

मी धुळ्यात रक्त काढते.
साक्री रोडची लॅब, एकवीस वर्षं झाली.
भटूचं मात्र मी काढलं नाही,
शबानाला म्हटलं, तू काढ.
त्रेचाळीस वय. विडी नाही, तंबाखू नाही, साखर नाही,
आणि तीन नळ्या बंद.
डॉक्टर पडद्याकडे बघत "इतक्या लवकर?" म्हणाले,
जणू आम्हीच सांगणार होतो.

नमुना पुण्याला गेला. पाच आठवड्यांनी कागद आला.
तो मी घरी नेला,
भाकऱ्या झाल्यावर ओट्याशी उभ्यानेच वाचला.

रक्तवाहिनीचं अस्तर एक निरोप सोडतं.
प्रोस्टासायक्लिन त्याचं नाव, आयुष्य काही मिनिटांचं.
तेवढ्यात भिंतींना सांगायचं, सैल व्हा,
आणि रक्तातल्या चिकट बिंबिकांना,
घोळका करू नका, चला पुढे.
तो निरोप ऐकणारा पेशीच्या दारात असतो,
पडद्यातून सात वेळा आरपार ओवलेला,
तीनशे शहाऐंशी मण्यांचा सर.
भटूच्या सरात दोनशे बारावा मणी वेगळा.
आर्जिनिन हवं तिथे सिस्टीन,
आणि त्याच्या मुळाशी एकच अक्षर, सी च्या जागी टी.
सातबाऱ्यावर याहून मोठ्या चुका असतात,
तलाठी चहा पिऊन दुरुस्त करून देतो.

दुसरी प्रत धड आहे, कागद म्हणतो.
पण हे दारावरचे जोडीने उभे राहतात,
आणि जोडीतला एक बैल बसला
की दुसऱ्याचीही मान खाली ओढली जाते.
हे समजायला मला पुस्तक लागलं नाही.

आप्पा एक्केचाळिसाव्या वर्षी गेले.
पहाटे चारीच्या काठाला बसलेले सापडले,
कंदील जळत होता, फावडं मांडीवर.
लोक म्हणाले गारठा.
मी नववीत होते, मीही सगळ्यांना गारठाच सांगितलं.

भटू एसटीवर. शिरपूर गाडी.
क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला,
मग रोज एक गोळी, कधी दोन.
ती गोळी ठणका थांबवते
आणि वर, बंधाऱ्यापाशीच, तो निरोपही अडवते.
खाली दार अर्धं मिटलेलं, वरून पाणी कमी.
नेमकं कशाने झालं ते कुणी सांगू शकत नाही,
असं डॉक्टर म्हणाले. खरं असेल.
पण मेडिकलवरून त्या पट्ट्या आणून देणारी मी.
ओळखीचं दुकान, दहा टक्के सूट.

जाळ्या बसवल्या त्या रात्री तो गुंगीत होता.
मी स्टुलावर. मशीन आपलं टिकटिकत होतं.
डोळे न उघडता म्हणाला,
"ताई, पानी उनं का?"
समोर हिरव्या आकड्यांत सगळं दिसत होतं,
तरी मी त्याचं मनगट धरलं, दोन बोटं टेकवली,
थोडं थांबले.
"उनं," म्हटलं. "झोप."

आता त्याचा पोरगा विचारतो, आत्या, माझं कधी काढणार?
चौदाचा आहे. सुई दुखते का, हेही विचारतो.
त्याला म्हटलं, तुझ्या आधी माझी बारी.
माझी नळी भरून झाली आहे,
फ्रीजमध्ये दुसऱ्या कप्प्यात, चार दिवस.
नावाची चिठ्ठी तेवढी लावायची राहिली आहे.